पक्षी कितव्या पिसाला हरला?

पंडरी, रायपूर
पितृपक्ष, पंचमी

चि. छकुली,

तुझं टिपण दादाने फोनवर पाठवलं तेव्हा मी दुकानात एकटीच बसले होते. पितृपक्षात पंडरीच्या कापडबाजारात माशाच मारायच्या असतात. इथले लोक ‘पितर पाख’ म्हणतात, आणि पितर पाखात नवं कापड कोण घेणार? एरवी या दिवसांत मी ब्लाउजच्या रुबियाचे तागे रंगवार लावून घेते, अस्तराचा शिल्लक माल मोजते. या वेळी ते सगळं पोरावर सोपवलं आणि तुझी चौदा पानं बोटांनी मोठी करकरून वाचली. दोनदा वाचली. डोळे दुखले, पण ते जाऊ दे.

दादा म्हणाला, ‘जरा बघून दे, तू खूप वाचतेस.’ खूप वाचते हे खरं. मॅचिंग सेंटर चालवणाऱ्या बाईला दुपारी दोन ते चार दुसरं काम नसतं. तुझे आतोबा होते तेव्हा नागपूरहून पुस्तकांचं पार्सल बसने यायचं आणि ते स्वतः स्टँडवर जाऊन उतरवून आणायचे. तेव्हा बसस्टँड इथेच पंडरीत होता, आता भाटागावला गेला. त्या पार्सलांतली पुस्तकं गल्ल्यामागच्या फळीवर अजून आहेत. पण मी काही प्राध्यापक नाही, तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबानेच घे.

तू ‘धग’वर लिहिलंस याचा आनंद झाला. उद्धव शेळक्यांची 1960 ची ही कादंबरी पुण्यात बसून निवडावीशी वाटली म्हणजे वऱ्हाडचं रक्त अजून पातळ झालेलं नाही. टिपण नीटनेटकं आहे. कथानक, व्यक्तिचित्रण, संघर्ष, आशयसूत्र, भाषाशैली, समारोप असे सगळे मथळे आहेत. कौतिक म्हणजे परिस्थितीशी झुंजणारी आदर्श स्त्री. महादेव म्हणजे निष्क्रिय पुरुष. संघर्ष दोन प्रकारचा, बाह्य आणि आंतरिक. आशयसूत्र दारिद्र्य. तुला यावर चांगले गुण मिळतील, मला शंका नाही.

पण एक गंमत करून बघ. या चौदा पानांतून ‘धग’, ‘कौतिक’ आणि ‘महादेव’ हे तीन शब्द काढ आणि दुसऱ्या एखाद्या ग्रामीण कादंबरीची नावं घाल. मी करून पाहिलं. पाच पानं जशीच्या तशी चालली. आमच्याकडे याला फ्री साईज म्हणतात. कुणालाही होतो, कुणालाच नीट बसत नाही.

रागावू नकोस. मीही हेच केलंय. बी.ए.ला असताना हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’वर मी गाइडमधून पाठ केलेलं उत्तर लिहिलं होतं. कादंबरी उघडलीही नव्हती. आमच्या सरांनी, नाव नाही सांगत, ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं आणि मी मान खाली घालून बसले. सगळ्यांना वाटलं, विनयाने. पुढे वीस वर्षांनी इथे गल्ल्यावर बसून ती कादंबरी खरोखर वाचली, तर यमूच्या लहानपणाच्या भागात मी चक्क हसत होते. करुणरसप्रधान म्हणून लिहून मोकळी झाले होते मी! ती मुलगी आधी इतकी खेळकर आहे म्हणून पुढचं सगळं असह्य होतं, हे गाइडवाल्याला ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक असेल, पण परीक्षेला लागत नव्हतं.

तेव्हापासून मी वाचताना एकच प्रश्न धरून बसते, तोच तुला देते. कुठल्याही पात्राने काही केलं की विचार: या ठिकाणी त्याला दुसरं काय करता आलं असतं? आणि ते त्याने का केलं नाही? त्याच्या स्वभावात आणि संघर्षात काय आहे ते या न घडलेल्या गोष्टीत सापडतं. घडलेली गोष्ट तर कथानकाच्या सारांशातही असते.

आमच्या गावचंच उदाहरण घे. माधवराव सप्रे हे नाव तू ऐकलं असशील. इथे त्यांच्या नावाची शाळा आहे, बूढा तालाबाजवळ. मूळ मराठी घर, जन्म 1871 चा, दमोहकडच्या पथरियाचा, शिक्षण बिलासपूर-रायपूरला. दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं ते यांनीच. 1900 च्या जानेवारीत पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचं मासिक सुरू केलं. सोबत रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे. बघ, हिंदी मासिक, आणि तिघेही घरी मराठी बोलणारे! त्या मासिकात पुस्तकांची परखड परीक्षणं यायची, म्हणजे तू जे करायला निघालीस ते काम या भागात सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झालेलं आहे. याच मासिकात एप्रिल 1901 मध्ये सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट आली. हिंदीतली पहिली कथा कोणती या वादात तिचं नाव हमखास निघतं. तो वाद हिंदीवाल्यांनी बघावा. गोष्ट जेमतेम दोन पानांची आहे.

जमीनदाराला वाड्याचं आवार वाढवायचंय. मध्ये एका विधवेची झोपडी. वकिलांचे खिसे भरून तो कोर्टातून झोपडीचा ताबा मिळवतो. म्हातारी शेजारपाजारी जाऊन राहते. एक दिवस टोपली घेऊन येते आणि म्हणते, नातीने अन्न सोडलंय, आपल्या घरचीच भाकरी खाईन म्हणते. इथली टोपलीभर माती न्यावी, तिची चूल घालावी, म्हणजे पोर जेवेल. जमीनदार परवानगी देतो. माती भरून झाल्यावर ती विनवते, जरा हात लावा, डोक्यावर घेते. तो उचलायला जातो. टोपली हातभरही उचलत नाही. मग म्हातारी म्हणते ते सगळ्यांना ठाऊक आहे: एका टोपलीचा भार पेलवत नाही, इथे हजारो टोपल्या पडल्या आहेत, जन्मभर कशा पेलाल? तो वरमतो, क्षमा मागतो, झोपडी परत करतो.

शाळेत याचं आशयसूत्र शिकवतात ‘लोभ आणि पश्चात्ताप’. चूक नाही. पण आता माझा प्रश्न लाव. टोपली उचलायला जमीनदार कुणाही नोकराला सांगू शकला असता. नोकर होतेच, सुरुवातीला त्यानेच तिला हाकलायला सांगितलं होतं. पण विनवण्या ऐकून त्याला दया येते आणि नोकराला न सांगता तो स्वतः पुढे होतो. सप्र्यांनी हे चार-पाच शब्दांत सांगितलंय, वाचताना निसटून जाईल असं. नोकराला हाक मारली असती तर टोपली उचलली गेली असती, म्हातारी गेली असती, चूल पेटली असती, आणि गोष्ट? गोष्टच नसती. इतके दिवस त्याची सगळी कामं दुसऱ्यांच्या हातांनी चालली होती. झोपडी वकिलांच्या हातांनी घेतली, म्हातारी नोकरांच्या हातांनी हटवायची होती. पहिल्यांदा त्याने स्वतःचा हात लावला आणि तिथेच त्याला वजन कळलं. आता ‘लोभ आणि पश्चात्ताप’ पुरेसं वाटतं का, सांग.

कापड सुती आहे की नाही ही शंका आली तर आम्ही अख्खा तागा तपासत नाही. कडेचा एक धागा ओढतो आणि काडी लावतो. सुती असेल तर कागदासारखा वास येतो, मऊ राख होते. पॉलिएस्टर असेल तर आक्रसून कडक मणी होतो. तुझ्या टिपणात मला असा ओढून जाळलेला एकही धागा दिसला नाही. म्हणजे पुस्तकातलं एकही वाक्य, एकही हालचाल, एकही वस्तू तू जवळून पाहिलेली नाहीस. सगळं लांबून, ताग्यानेच.

सप्र्यांच्या त्या गोष्टीत एक चकवाही आहे, तो सांगून ठेवते. सप्र्यांनी 1907 मध्ये नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला, 1908 मध्ये त्यांना अटक झाली, घरच्यांच्या दबावाखाली त्यांनी सरकारला माफी लिहून दिली आणि सुटले. ते त्यांच्या मनाला फार लागलं, पुढे कित्येक दिवस ते लोकांतून बाजूला होऊन राहिले. हे कळलं की पश्चात्तापाची ती गोष्ट त्यांच्या आयुष्याशी जोडायचा मोह होतो. जोडू नकोस. गोष्ट 1901 ची, माफी 1908 ची. लेखकाच्या चरित्राची चावी प्रत्येक कुलपाला लावून बघायची सवय मराठीत फार बोकाळली आहे. कधी लागतेही, पण तारखा बघून लाव.

आता दुसरं उदाहरण, राजनांदगावचं. गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून तिथल्या दिग्विजय कॉलेजात शिकवत होते. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहायचे, ‘क्षिप्रा’वाले. एका घरातले दोन भाऊ, एकाने हिंदी घेतली, एकाने मराठी ठेवली. तुझ्या प्राध्यापकांना यावर प्रबंध सुचव हवा तर, मला वाचायला आवडेल. पण मला सांगायचंय ते गजाननरावांच्या ‘पक्षी और दीमक’ या कथेबद्दल. त्या कथेतला ‘मी’ आपल्या मैत्रिणीला एक गोष्ट सांगतो. एका पक्ष्याला वाळवीच्या किड्यांची चटक लागते. गाडीवाला किडे विकतो, मोबदल्यात पंख मागतो, एकेक पीस. पक्षी देत जातो. शेवटी उडता येईना. तेव्हा तो किडे गोळा करून गाडीवाल्याकडे जातो, हे घे आणि माझी पिसं परत दे. गाडीवाला हसतो: मी पिसं घेऊन किडे विकतो, किडे घेऊन पिसं नाही.

तुझ्या मथळ्यांप्रमाणे लिहायचं तर संघर्ष हा पक्षी विरुद्ध गाडीवाला. पण गाडीवाला फसवतच नाही. त्याचा भाव पहिल्या दिवसापासून एकच आहे. मग पक्षी कितव्या पिसाला हरला? पहिल्या नाही, एक पीस गेल्याने कोण पडतं? शेवटच्याही नाही, तोवर सगळं संपलेलं होतं. मधल्या कुठल्यातरी पिसाला, ज्याची त्याला खबरही नाही. मी हा प्रश्न आता प्रत्येक कादंबरीला विचारते. माणूस नक्की कुठे वळू शकला असता? आणि लेखकाने ती जागा उघड दाखवलीय की दडवलीय? इथे आणखी एक पीळ आहे. गोष्ट सांगणारा तो ‘मी’ सांगता सांगता ओळखतो की हा पक्षी आपणच आहोत. म्हणजे आतली गोष्ट बाहेरच्या माणसावर उलटते. बाहेरची कथा सोडून नुसती पक्ष्याची बोधकथा उचलून नेली, जशी लोक नेतात, तर अर्धा माल दुकानातच राहिला.

विनोद कुमार शुक्ल मूळ राजनांदगावचेच, पण आयुष्य रायपुरात गेलेलं. पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळालं. त्यांची ‘नौकर की कमीज़’ 1979 ची, वीस वर्षांनी मणि कौलनी तिच्यावर सिनेमा काढला. आमच्यासारख्या कापडवाल्यांनी तर ती वाचलीच पाहिजे, कारण त्यात एक सदराच गोष्ट चालवतो. साहेबाने आदर्श नोकरासाठी एक सदरा शिवून घेतलेला असतो. ज्याला तो बसेल तो नोकर. आणि तो नेमका संतूबाबू नावाच्या कारकुनाला बसतो. जगाची रीत अशी की माणूस बघून माप घ्यायचं. इथे माप आधी, माणूस नंतर. या कादंबरीत मोठी भांडणं जवळजवळ नाहीत. गळकं छप्पर आहे, घरमालक डॉक्टर आहे, त्याच्या बायकोकडे संतूच्या बायकोची हळूहळू वाढत जाणारी ये-जा आहे. इकडे नवऱ्याच्या अंगात सदरा घालतात, तिकडे बायकोला न दिसणारा सदरा चढत जातो. तू ‘संघर्ष’ म्हणून आदळआपट शोधत राहशील तर या पुस्तकात तुला काही घडतच नाही असं वाटेल. शेवट सांगत नाही.

सदऱ्यावरून चोळी आठवली, तीही माझ्या धंद्यातलीच वस्तू. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 ची. मास्तर कारभाऱ्याच्या अंजीला चोळी आणून देतो, आणि कारभाऱ्याच्या मनात किल्मिष येतं. एवढंसं कापड! सगळे मास्तराच्या बाजूने वाचतात, बिचारा भला माणूस, गावाने गैरसमज केला. मीही तसंच वाचायची. मग एकदा लक्षात आलं, सांगतोय कोण? मास्तरच. कारभाऱ्याला बापाच्या डोळ्यांनी काय दिसलं ते आपल्याला मास्तराच्या तोंडूनच कळतं. मास्तर खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. पण तरणा माणूस, परकं गाव, आणि वयात आलेली पोर. त्याच्या मनात काहीच नव्हतं, हे सांगणारा साक्षीदार तो एकटाच. तुझ्या टिपणात निवेदक कोण याला अर्धी ओळ दिली आहेस, ‘निवेदन तृतीयपुरुषी आहे’ म्हणून. ‘धग’पुरतं ते बरोबर आहे. पण तृतीयपुरुषी असलं तरी निवेदक कुणाच्या शेजारी जाऊन बसतो ते बघायचं असतं.

आणि इथेच महादेवचा प्रश्न येतो.

पितर पाख लागायच्या आधी एक बाई मोरपंखी साडी घेऊन आल्या. ‘दीदी, इही रंग के दे दे.’ आत ट्यूबलाइटखाली मी हिरवट रुबिया काढला, अगदी जुळला. मग सवयीप्रमाणे दोन्ही घेऊन पायरीवर उन्हात गेलो, तर साडी निळी! माझा रुबिया शेजारी शेवाळासारखा दिसायला लागला. मॅचिंगवाल्याने आतल्या उजेडात शेड ठरवायची नसते, हे मला पहिल्याच वर्षी आतोबांनी शिकवलं होतं.

महादेवची शेड तू कौतिकच्या उजेडात ठरवलीस. तिच्या शेजारी तो आळशी दिसतो, ढिला दिसतो, निष्क्रिय दिसतो. दिसणारच. पण त्याला जरा पायरीवर आण. शिंपी माणूस, हातात कसब आहे. ज्या गावात लोकांकडे खायला नाही तिथे कपडे शिवायला कोण टाकणार? मी कापड विकते, मला ठाऊक आहे, हंगाम बुडाला की पहिला खर्च कशावरचा कापला जातो ते. आणि नंतर त्याला महारोग जडतो. शिंप्याला महारोग, म्हणजे बोटं. हे तू ‘महादेवचे आजारपण’ असं तीन शब्दांत उरकलंस. इथे थांबायला हवं होतं गं. लेखकाने हजार रोगांतून हा निवडला आहे.

मग कौतिककडे परत ये. तिला आदर्श म्हणून तू तिचं नुकसान केलंस. आदर्श माणसाला पर्याय नसतात, तो योग्य तेच करणार हे ठरलेलं असतं. मग संघर्ष कुठून येणार? मला कौतिक फार आवडते, पण तिच्यात एक गोष्ट भीतिदायक आहे. ती जितकं ओढते तितकं दुसऱ्यांना ओढावं लागत नाही. तिची ताकदच घराला तिच्यावर टेकायची सवय लावते. या कादंबरीत खलनायक नाही. हरिभाऊंकडे शंकर मामंजी आहेत, त्यांच्या नावाने बोटं मोडता येतात. शेळक्यांनी वाचकाला ती सोय ठेवली नाही. शेवटी कौतिकला वेड लागतं. त्याला तू ‘शोकात्म शेवट’ म्हणालीस. पण वेड लागणं म्हणजे काय, ते तिच्या बाजूने बघ. जन्मात पहिल्यांदा तिने दोरी सोडली. हरली म्हणायचं की सुटली म्हणायचं, मला अजून ठरवता येत नाही. तू ठरव, पण पुस्तकातल्या जागा दाखवून ठरव.

इंग्रजीतल्या फॉर्स्टरने 1927 मध्ये पात्रांची सपाट आणि गोलाईदार अशी विभागणी केली, आणि तेव्हापासून तुम्हा विद्यार्थ्यांना हे दोन डबे मिळाले. तूही महादेवला सपाट डब्यात टाकलंस. डबे वाईट नाहीत. पण सपाट दिसणारं पात्र आधी एकदा उन्हात नेऊन बघायचं, मग टाकायचं.

आता दुकानदाराची युक्ती सांगते, ती तुला कुठल्या समीक्षेच्या पुस्तकात मिळणार नाही. कादंबरीचा हिशेब मांड. खरंच, वही घे. कुणाकडे किती पैसे आले, किती गेले, कुणाची उधारी कुणाकडे, भाडं किती, औषधाला किती. जमीनदाराने वकिलांना दिलेले पैसे. संतूबाबूचं घरभाडं. कौतिकच्या हातात येणारी मजुरी. माझा मघाचा प्रश्न होता ना, दुसरं काय करता आलं असतं? तर पर्यायाला बहुधा किंमत असते आणि ती वहीत दिसते. ‘दारिद्र्य’ हा शब्द तू टिपणात एकवीस वेळा लिहिलास, मी मोजले. एकदाही रुपया लिहिला नाहीस.

सगळीकडे पैशानेच चालतं असं नाही, हेही सांगते, नाहीतर तू प्रत्येक पुस्तक खतावणीत घालशील. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, 1939 चं. युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर जर्मनीतून पळालेले ज्यू, त्यात हॅर्टा. आणि आपला चक्रधर. तिथे अडलंय ते पैशांनी नाही. चक्रधरला मुंबईला उतरायचंय, हॅर्टाला तिथे उतरता येत नाही. एकाला जागा आहे, दुसरीला नाही. आणि ज्याला जागा आहे तोच कच खातो. ‘प्रेम विरुद्ध युद्ध’ असं लिहून पुढे जाऊ नकोस. त्या बोटीवर चक्रधरला काय करता आलं असतं, ते लिही.

भाषाशैलीच्या मथळ्याखाली तू ‘वऱ्हाडी बोलीचा प्रभावी वापर’ असं लिहिलंस. हे वाक्य मी गेली चाळीस वर्षं वाचतेय. संवाद वऱ्हाडी आणि निवेदन प्रमाण मराठी, हे दोन थर आहेत. या दोन थरांमध्ये लेखक कुठे उभा आहे? पात्रं आपल्या बोलीत बोलतात आणि त्यांच्याविषयी शाळेतल्या मराठीत सांगितलं जातं. मी इथल्या तात्यापाऱ्यात वाढले. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी. आई रागावली की कोणत्या भाषेत रागावते त्यावरून प्रकरण किती तापलंय ते आम्हाला कळायचं. तुझ्या कानालाही हे कळतं. तो कान टिपण लिहिताना काढून ठेवू नकोस.

तर आता काम. मथळे सगळे उडव. एक जागा निवड, एकच. कौतिक किंवा महादेव एका वळणावर उभे आहेत अशी. तिच्या आधीची दहा पानं आणि नंतरची दहा पानं पुन्हा वाच, मोठ्याने वाचलीस तर उत्तम. तिथे काय होऊ शकलं असतं ते लिही, का झालं नाही ते लिही, आणि वहीतला हिशेब शेजारी ठेव. चौदाची सहा पानं होतील. होऊ देत. सरांना कमी वाटली तर त्यांना वही दाखव.

दादाला सांग, बीपीची गोळी चुकवू नको. तुझ्यासाठी मोरपंखी रुबिया बाजूला ठेवला आहे, उन्हात बघून घेतलेला.

दुसरा खर्डा घटस्थापनेच्या आत पाठव. नवरात्र बसलं की पंडरीत पाय ठेवायला जागा नसते, आणि मग दिवाळीपर्यंत मला एक ओळ वाचायला होत नाही.

तुझी,
आत्या

ता.क. सप्र्यांची ती गोष्ट शोधून वाच आणि मला एवढंच कळव: टोपली भरल्यावर म्हातारीला तरी ती उचलली असती का?